वायूची खरखर

गॅस सेन्सरची रेघ, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या त्याच्या विद्युतधारेचा आलेख, वाचायची एक ठरलेली रीत आहे. स्वच्छ हवेत धारा किती, वायू सोडल्यावर किती, दुसरीला पहिलीने भागा. आलेला आकडा म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद. वेगवेगळ्या वायूंसाठी असे आकडे काढून शेजारीशेजारी खांब उभे करायचे. सगळ्यात उंच खांब ज्याचा, त्या वायूचा हा सेन्सर. शोधनिबंधांतल्या कितीतरी आकृत्या अशाच असतात आणि वाचणाराही तेवढंच बघून पान उलटतो. पण मूळ रेघ समोर ठेवून डोळे जरा जवळ नेले, तर ती गुळगुळीत दिसत नाही. ती सतत थरथरते. कुठे एकदम पायरी चढते, कुठे पुन्हा उतरते, कुठे कारण नसताना सावकाश वाहवत जाते. भागाकार करण्याआधी ही थरथर सरासरी काढून पुसून टाकतात. माझं म्हणणं असं की वायूचं प्रमाण सरासरीत सापडतं, पण त्याची ओळख बरीचशी त्या पुसलेल्या खरखरीत असते. हे रसग्रहण त्या खरखरीचं आहे.

रेघ निवडायचीच तर खानदेशातली निवडू. अमळनेर म्हटलं की बोरी नदी, सखाराम महाराज, साने गुरुजी आठवतात. 1945 साली या गावात दोन गोष्टी सुरू झाल्या: प्रताप कॉलेज, आणि पुढे जिच्यातून विप्रो निघाली ती वनस्पती तुपाची कंपनी. तेलाचं वनस्पती करायला हायड्रोजन लागतो, आणि हायड्रोजन हुंगण्यात सेन्सरमधल्या टिन ऑक्साइडचा हात धरणारे पदार्थ थोडेच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर सिद्धान्त बांधू नये. मात्र प्रताप कॉलेजात एल. ए. पाटील यांच्या गटाने 2000 नंतरच्या वर्षांत धातूंच्या ऑक्साइडच्या जाड फिल्मचे वायुसेन्सर हा विषय नेटाने लावून धरला, हे खरं. तालुक्याच्या गावातून, एका कला-विज्ञान महाविद्यालयातून, एकामागून एक निबंध निघत राहिले. त्यांपैकी 2006 साली ‘सेन्सर्स अँड अ‍ॅक्च्युएटर्स बी’ या नियतकालिकात आलेला एल. ए. पाटील आणि डी. आर. पाटील यांचा निबंध मला विशेष आवडतो. विषय असा: टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइडचा संस्कार करून, खोलीच्याच तापमानाला, काही पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत काही भाग) इतका हायड्रोजन सल्फाइड ओळखणं.

‘खोलीच्या तापमानाला’ हे शब्द सहज वाचून पुढे जाऊ नये. बाजारात मिळणाऱ्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरला पोटात एक छोटी शेगडी लागते. ती दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय पृष्ठभागावरच्या रासायनिक घडामोडींना वेग येत नाही. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी 1962 साली या सेन्सरचं पेटंट मागितलं तेव्हापासून शेगडी त्याच्या नशिबी आहे. अमळनेरची फिल्म शेगडीशिवाय काम करते, म्हणजे तिच्या रसायनात काहीतरी वेगळी करामत असली पाहिजे.

आधी फिल्म कशी होते ते बघू. टिन ऑक्साइडची बारीक भुकटी, तिला धरून ठेवायला इथाइल सेल्युलोज, आणि पातळ करायला जड, सावकाश उडणारे द्रावक. याचं वाटण करायचं, बारीक जाळीवरून स्क्वीजीने ओढून काचेच्या पट्टीवर छापायचं, वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं. जळगावात लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्यांकडे हीच जाळी आणि हाच स्क्वीजी असतो; शाई तेवढी निराळी. भट्टीत सेल्युलोज जळून जातं आणि दाणे एकमेकांना जेमतेम चिकटून राहतात. मध्ये भरपूर पोकळ्या. सिरॅमिकवाल्याला हा माल कच्चा वाटेल. वायूला मात्र आत-बाहेर करायला वाटा हव्या असतात, म्हणून कच्चेपणा हाच इथे गुण.

टिन ऑक्साइडचा एकेक दाणा म्हणजे एक शेत धरा, आणि दोन दाण्यांमधली हद्द म्हणजे बांध. हवेतला ऑक्सिजन दाण्यावर येऊन बसतो, आतला इलेक्ट्रॉन पकडतो, आणि पृष्ठभागालगतचा काही नॅनोमीटरचा थर इलेक्ट्रॉनांवाचून रिता होतो. बांध उंचावतो. पलीकडे जायला इलेक्ट्रॉनाला तेवढी उडी मारावी लागते, म्हणून रोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो बसलेल्या ऑक्सिजनाशी संयोग पावून निघून जातो, पकडलेला इलेक्ट्रॉन सुटतो, बांध खचतो, धारा वाढते. सगळं नाट्य बांधावर घडतं. शेतात फारसं काही होत नाही.

पाटीलद्वयीच्या फिल्ममध्ये या बांधावर आणखी एक काम केलेलं आहे. टिन ऑक्साइडमध्ये वीज वाहतात इलेक्ट्रॉन, कॉपर ऑक्साइडमध्ये वाहतात होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. दोघं जिथे भेटतात तिथे डायोडमधला असतो तसा अडसर आपोआप तयार होतो आणि फिल्म हवेत जवळजवळ मुकी होते. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं. ते धातूच्या तोडीची वीज वाहतं. अडसर एकदम कोसळतो. वायू गेला, हवा लागली की सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड होऊ लागतं. या जोडीची ताकद 1992 साली क्यूशू विद्यापीठातल्या तामाकी, मिउरा, यामाझोए या मंडळींनी दाखवून दिली होती. अमळनेरकरांनी दोन्ही भुकट्या कालवत बसण्याऐवजी छापलेली फिल्म तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवली आणि पुन्हा भाजली. मला यातली दृष्टी भावते. नाट्य जर पृष्ठभागावरच होणार असेल, तर तांबं दाण्याच्या पोटात कशाला घालायचं? कमी बुडवली तर अडसर अपुरा राहतो, जास्त बुडवली तर तांब्याचाच थर बसतो आणि खालचं टिन ऑक्साइड झाकलं जातं. किती वेळ बुडवायची, ही त्यातली गोम.

आणि वायूही असा निवडलेला की ज्याच्याबाबत नाकावर विसंबता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास माणसाला पीपीएमच्या शंभराव्या भागाइतक्या प्रमाणातही येतो. पण प्रमाण 100 पीपीएमच्या पुढे गेलं की घ्राणेंद्रिय बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि आत उतरलेल्याला वाटतं की वायू निघून गेला. सेप्टिक टाकीत आणि गटारात उतरणाऱ्यांचे जीव घेणाऱ्या वायूंत हा प्रमुख.

आता रेघ.

तिचा पहिला भाग स्वच्छ हवेचा. वाचणारे इथे थांबत नाहीत, कारण इथे ‘काही होत नाही’. पण जाणकाराने आपला बराच वेळ इथेच घालवावा असं मला वाटतं, कारण फिल्मचा स्वभाव इथे कळतो. या भागातली थरथर एकजिनसी नसते. तिचे थर वेगळे करायला रेघेचा वर्णपट काढावा लागतो: कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, याचा आलेख.

वर्णपटात आधी नजरेत भरतं ते 50 हर्ट्झवरचं अरुंद शिखर, आणि त्याच्या पटीतली 100, 150 वरची त्याची भावंडं. ही महावितरणची सही. फिल्मशी तिचा काही संबंध नाही. वायर नीट झाकलेली नाही किंवा पॉवर सप्लाय स्वस्तातला आहे, एवढंच ती सांगते. तिला ओळखून बाजूला ठेवायचं.

दुसरा थर सगळ्या वारंवारतांवर सारखा पसरलेला, सपाट. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सनने तो मोजला आणि नाइक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोन्ही 1928 साली प्रसिद्ध झालं. कोणत्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेने धावत असतात, त्यांचा हा आवाज. रोध आणि तापमान कळलं की तो किती असेल हे कागदावर सांगता येतं. 1 मेगाओहमची फिल्म 300 केल्विनला ठेवली तर 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हा आवाज सुमारे 13 मायक्रोव्होल्ट भरतो. प्रामाणिक आवाज आहे, पण तापमानापलीकडे त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. फिल्म कशाची, हवेत काय, याचा त्याला पत्ता नसतो.

तिसरा थर मात्र खरा गायक. कमी वारंवारतेकडे जावं तसा याचा जोर वाढत जातो. वारंवारता दहापट कमी केली की जोर साधारण दहापट वाढतो. पदार्थविज्ञानात याला वन-बाय-एफ नॉइज म्हणतात. 1975 साली रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क यांनी रेडिओवर लागणाऱ्या संगीताच्या आणि बोलण्याच्या चढउतारांतही हाच उतार मोजून दाखवला. हे वाचल्यावर सेन्सरच्या खरखरीला संगीत म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. उतार एकच असला म्हणून कारण एकच असतं असं नाही.

या खरखरीचा इतिहास बघितला तर एक मजेदार वळण दिसतं. जॉन्सनने 1925 साली रेडिओच्या व्हॅक्यूम ट्यूबमध्ये ती पहिल्यांदा नोंदवली. पुढच्याच वर्षी वॉल्टर शॉटकीने तिचं स्पष्टीकरण दिलं: ट्यूबच्या तापलेल्या कॅथोडवर परके अणू किंवा रेणू येऊन बसतात, काही काळ राहतात, निघून जातात, बसले की तेवढ्या जागेवरून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचं प्रमाण बदलतं, आणि धारा लुकलुकते. म्हणजे या खरखरीची पहिली उपपत्तीच पृष्ठभागावर ये-जा करणाऱ्या पाहुण्या रेणूंची होती. तेव्हा असे गॅस सेन्सर नव्हतेच. ट्यूब बनवणाऱ्यांच्या लेखी ती कटकट होती, आणि ती घालवण्यात पुढची कैक वर्षं गेली. 1953 साली ब्रॅटन आणि बार्डीन यांनी जर्मेनियमच्या पृष्ठभागावर आळीपाळीने वेगवेगळे वायू सोडून त्याचे विद्युतगुण बदलतात हे दाखवलं, तेव्हाही मुख्य चिंता ट्रान्झिस्टर हवेने बिघडतो ही होती. एकाची कटकट ती दुसऱ्याची कामाची वस्तू व्हायला तागुचीपर्यंत थांबावं लागलं. तागुचीनेही घेतली ती सरासरीच. खरखरीला आणखी चार दशकं कुणी फारसं विचारलं नाही.

शॉटकीच्या या उपपत्तीतून अमळनेरच्या फिल्मकडे बघू. बांधावर एकच जागा आहे असं समजा आणि तिथे एकच रेणू येतो-जातो. तो बसला की बांध केसभर उंच, उठला की केसभर खाली. किती फरक पडतो? बांध ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या बांधाच्या उंचीवर घातांकाने ठरते. तीनशे अंशांवरच्या सेन्सरमध्ये बांध एक मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टने हलला तरी त्यावरून जाणारी धारा दोन टक्के हलते. खोलीच्या तापमानाला तर चार टक्के. म्हणजे शेगडी नसलेली फिल्म बांधावरच्या लहानसहान हालचालींना जास्तच हळवी. एका रेणूची ये-जा अशी रेघेत दोन पातळ्यांमधली उडी म्हणून उमटते. सरासरी तो 10 मिलिसेकंद टिकत असेल, तर या उड्यांचा वर्णपट सुमारे 16 हर्ट्झपर्यंत सपाट राहतो आणि त्यापुढे झपाट्याने उतरतो. ते वळण जिथे येतं त्या वारंवारतेवरून त्या रेणूच्या मुक्कामाची मुदत कळते. घट्ट चिकटणारा रेणू वळण खाली आणतो, सैल चिकटणारा वर नेतो.

खऱ्या फिल्ममध्ये अशा अब्जावधी जागा असतात. कुठे काठ, कुठे खड्डा, कुठे ऑक्सिजनचा एखादा अणूच जागेवर नाही. प्रत्येक जागी चिकटण्याची ऊर्जा निराळी, आणि मुक्कामाची मुदत त्या ऊर्जेवर घातांकाने अवलंबून. ऊर्जा साधारण समान विखुरल्या असतील तर मुदती मायक्रोसेकंदांपासून तासांपर्यंत पसरतात. सगळ्यांचे वळणदार वर्णपट एकावर एक रचले की वळणं एकमेकांत बुडून जातात आणि तो वन-बाय-एफचा सरळ उतार उरतो. हवेत ठेवलेल्या फिल्मची खरखर अशी असते. तिच्यात ऑक्सिजन बोलतो, पाण्याची वाफ बोलते आणि फिल्मची स्वतःची मोडतोडही बोलते. आपल्याकडे एप्रिलमध्ये कोरडी झळ असते आणि ऑगस्टमध्ये ओल, तेव्हा त्याच फिल्मची खरखर दोन ऋतूंत दोन तऱ्हांची निघाली तर नवल नाही. पाण्याचा रेणू या खेळात मोठा हिस्सेदार आहे.

मग दुसरा भाग: वायू आत सोडला. खांबवाल्यांचा हा आवडता क्षण. धारा झेपावते आणि एका नव्या पातळीवर स्थिरावते. मला त्या झेपेपेक्षा नंतरची सपाटी वाचावीशी वाटते. पातळी वर गेली, ठीक. पण तिथली थरथर आधीचीच, फक्त मोठी झालेली आहे का? की तिची घडणच बदलली? वर्णपटाच्या सरळ उतारावर एखाद्या ठिकाणी फुगवटा आला असेल, तर कुणीतरी नवा पाहुणा एका ठराविक मुदतीने ये-जा करतो आहे. तो फुगवटा कुठे आहे यावरून तो कोण, याचा अंदाज करता येतो.

2000 साली किश, वाजताई आणि ग्रानक्विस्ट या तिघांचा हीच गोष्ट पद्धतशीर मांडणारा निबंध ‘सेन्सर्स अँड अ‍ॅक्च्युएटर्स बी’तच आला. त्यांचा मुद्दा साधा होता. सरासरी धारा हा एक आकडा असतो. तेवढ्या एका आकड्यावरून वायू कोणता आणि किती, अशी दोन उत्तरं निघणार नाहीत; म्हणून इलेक्ट्रॉनिक नाकात वेगवेगळ्या स्वभावाचे अनेक सेन्सर बसवावे लागतात. पण खरखरीचा वर्णपट हा अनेक बिंदूंचा वक्र असतो. त्यात माहिती जास्त, म्हणून एकच सेन्सर अनेकांचं काम करू शकेल. पोलंडमधल्या ग्दान्स्कचे यानुश स्मुल्को यांनी किशबरोबर आणखी खोल जाऊन, खरखर किती वेडीवाकडी आहे, म्हणजे तिचे चढ आणि उतार एकमेकांची हुबेहूब प्रतिबिंबं आहेत की नाहीत, तेही मोजायची रीत सुचवली. वर्णपट सारखाच असलेल्या दोन खरखरींत हा फरक सापडू शकतो.

हे सगळं गणितात छान दिसतं, पण एक रेणू खरंच दिसतो का? 2007 साली मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनच्या सेन्सरवर नायट्रोजन डायऑक्साइड सोडून रोधात सुट्या पायऱ्या पाहिल्या. एक रेणू चिकटला, एक पायरी. आणि 2012 साली रुम्यानत्सेव, बालांदिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच ग्राफीन ट्रान्झिस्टरवर निरनिराळ्या रसायनांच्या वाफा सोडून दाखवलं की काही वाफा वर्णपटात आपापल्या वारंवारतेवर फुगवटा आणतात, तर काही वाफा रोध बदलतात पण खरखरीला हातही लावत नाहीत. हा दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. खरखरीत नाव लिहिलेलं असतं हे माझं विधान त्यामुळे थोडं आखडतं घ्यावं लागतं: काही वायू सही करतात, काही नुसते येऊन जातात.

हायड्रोजन सल्फाइड आणि तांब्याच्या जोडीत तर गोष्ट आणखी रंगते, कारण इथे रेणू नुसता बसून उठत नाही, बांधाचा पदार्थच बदलून टाकतो. वायू येण्यापूर्वी धारा असंख्य अडसरांतून कशीबशी झिरपते. वायू पुरेसा आला की सल्फाइडच्या वाटा जोडल्या जातात आणि त्यांतून ती सरळ वाहते. या दोन टोकांच्या मध्ये, वाटा अर्ध्यामुर्ध्या जुळलेल्या असताना, एखादी वाट तुटली किंवा जोडली गेली तर सगळ्या धारेला धक्का बसतो. मिश्रणातून पहिली सलग वाट निघण्याच्या सुमाराला खरखर उसळते, हे धातू आणि अधातूंच्या इतर मिश्रणांत चांगलंच माहीत आहे. या फिल्मची रेघ वाचणाऱ्याने म्हणून झेपेच्या मधला, ज्याला सगळे ‘संक्रमण’ म्हणून सोडून देतात तो तुकडा जपून ठेवावा.

थोडं बेसूर खरखरीविषयीही. अभियांत्रिकीच्या मुलांच्या प्रोजेक्टांत एमक्यू-2 हा स्वस्त गॅस सेन्सर आणि आर्डुइनो हा सर्किट-बोर्ड हे समीकरण ठरलेलं आहे. संगणकावर नाचणारे आकडे दाखवून ‘सर, सेन्सर नॉइजी आहे’ म्हणतात. आर्डुइनो उनोचं मोजमाप 5 व्होल्टचे 1024 तुकडे करतं. एक तुकडा जवळजवळ 5 मिलिव्होल्टचा. फिल्मची खरी खरखर बहुतेक वेळा त्या एका तुकड्याच्या आत मावते. पडद्यावर नाचतो तो पॉवर सप्लाय आणि आठशे-नऊशे मिलिवॅट खाणारी शेगडी. सेन्सर विकत आणल्याबरोबर लावला असेल तर ती नुसती तापण्याची कुरबुर असते. बनवणाऱ्यांनीच आधी 24 तासांहून जास्त तापवत ठेवा असं लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

आणि सरासरीची मर्यादा खानदेशात हिवाळ्यात घरोघरी सिद्ध होते. बामणोदची वांगी आणायची, अंगणात कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा जाळ करून भाजायची. तो धूर खिडकीतून स्वयंपाकघरात शिरला की ओट्याखालचा गॅस अलार्म कोकलतो. सिलिंडर बंद, शेगडी बंद, तरी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि गळणारा एलपीजी, तिघंही बांध खचवतात आणि सरासरी धारेला तिघंही सारखेच. शेवटी लोक अलार्मची पिन काढून ठेवतात, आणि ती पुन्हा लावायची राहून जाते. सेन्सर नुसता तत्पर असून भागत नाही, त्याला आलेला वायू ओळखता आला पाहिजे.

रेघेचा तिसरा भाग परतीचा. वायू बाहेर काढला, हवा सोडली. खोलीच्या तापमानाला सल्फाइडचं ऑक्साइड व्हायला घाई नसते, शेपूट लांबते. पुष्कळदा ती आधीच्या पातळीवर नेमकी पोचतही नाही. याला ड्रिफ्ट म्हणून शिव्या देतात. मला त्यात वन-बाय-एफचंच टोक दिसतं: मुक्काम तासांचे, दिवसांचे असलेले रेणू. किती खालच्या वारंवारतेपर्यंत खरखर मोजायची आणि कुठून पुढे तिला ड्रिफ्ट म्हणायचं, ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. आपल्या धीराने आखलेली आहे.

धीराचाच प्रश्न या सगळ्या वाचनाची खरी अडचण आहे. 0.01 हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला 100 सेकंद लागतात, आणि एका लाटेवर भरवसा ठेवता येत नाही. तशा कित्येक लागतात. तेवढा वेळ वायूचं प्रमाण स्थिर हवं, तापमान स्थिर हवं. गळणाऱ्या सिलिंडरला हे सांगून चालत नाही. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास पोचला की ठिणगीची वाट बघतो. तिथे वर्णपट काढत बसणारा मूर्ख ठरेल. तिथे सरासरी धाराच बरी, आणि खोटा अलार्म सोसलेला बरा.

पण सगळीकडे घाई नसते. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रावेर, सावदा, यावल पट्ट्यातून निघालेला माल रायपनिंग चेंबरमध्ये पिकतो. पूर्वी धुरी देऊन पिकवत. धुरात थोडं इथिलीन असतंच. मग कार्बाइड आलं, त्याला अन्नसुरक्षा नियमांनी बंदी घातली, आणि इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी दिली. चेंबर बंद, तापमान सोळा ते अठरा अंश, हवा नव्वद टक्क्यांच्या पुढे दमट, आणि इथिलीन चोवीस तासांच्या हिशेबाने. पुढे फळं श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो बाहेर काढावा लागतो. टिन ऑक्साइडला तो जवळजवळ दिसतच नाही. घड जास्त पिकले की अल्कोहोलची वाफ येते, ती मात्र ठळक दिसते आणि इथिलीनमध्ये मिसळून जाते. सरासरी धारा वर गेली तर गॅस जास्त सुटला की कोपऱ्यातला क्रेट उतरला, हे चेंबरवाल्याला कळायला मार्ग नाही. खरखर वाचायला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही: वायू संथ, तापमान बांधलेलं, आणि उत्तर दहा मिनिटांत मिळालं काय नि अर्ध्या तासात मिळालं काय, केळीचं काही बिघडत नाही.

काम सोपं नाही. चेंबरमधले पंखे आणि कॉम्प्रेसर 50 हर्ट्झची शिखरं घेऊन येणार, ओल पृष्ठभागावरच्या जागा अडवून बसणार. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरची खरखर फिल्मच्या खरखरीत मिसळणार, म्हणून एका फिल्मवर अ‍ॅम्प्लिफायर दोन लावावेत आणि दोघांच्या नोंदी एकमेकींशी ताडाव्यात. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर दुसऱ्याशी जुळत नाही, ती ताडणीत गळून जाते आणि बरीचशी फिल्मचीच उरते. पहिला आठवडा चेंबर रिकामं चालवून नुसत्या दमट हवेची रेघ घ्यावी, दुसऱ्या आठवड्यात नुसतं इथिलीन सोडावं, आणि केळी त्यानंतर भरावीत.